दिव्याची निवड आणि त्याची अखेर

जबलपूरच्या अधारताल भागाला तेथील तलावावरून नाव मिळाले, तर तलावाला राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांच्यावरून. घरातल्या दिव्याचा अशा तलावाशी काय संबंध?

दिवा घेताना पुष्कळ जण वॅटचा आकडा पाहतात. परंतु वॅट हे विजेच्या खर्चाचे माप होय; प्रकाशाचे माप ल्यूमेन. जुन्या ६० वॅटच्या दिव्यात टंगस्टनची तार तापून उजळते व बहुतेक ऊर्जा उष्णतेत वाया जाते. एलईडीतील अर्धवाहक विजेपासून थेट प्रकाश निर्माण करतो, म्हणून ९ वॅटमध्ये तेवढा उजेड मिळतो. रोज पाच तास लावल्यास एका दिव्यामागे वर्षाला सुमारे ९३ युनिट वीज वाचते.

मात्र ट्यूबलाइट व सीएफएल यांत थोडा पारा असतो. असे दिवे उकिरड्यावर फुटले, तर त्यातील पारा पावसाच्या पाण्याबरोबर तलावात पोहोचू शकतो. तेथे सूक्ष्म जीव त्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. हे विष माशांत साठते व त्यांच्यावाटे माणसाच्या शरीरात जाते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली उघडकीस आलेला रोग कारखान्याने समुद्रात सोडलेल्या अशाच पाऱ्याचा होता.

यासाठी निकामी दिवा न फोडता खोक्यात ठेवावा व अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. एलईडीत पारा नसला, तरी त्यातील धातू पुन्हा उपयोगी पडतात. म्हणून त्याचीही तीच वाट. घरात सीएफएल फुटलाच, तर खिडक्या उघडून काही वेळ बाहेर थांबावे, झाडू न वापरता जाड कागदाने तुकडे गोळा करावेत आणि झाकणाच्या बरणीत ठेवावेत.