ब्राँटे भावंडांचीं कागदी राज्यें



ज्या दोन राज्यांची हकीकत मी आज सांगणार आहें, तीं कोणत्याही छापील भूगोलांत आपणांस सांपडणार नाहींत. अपवाद एकाच प्रतीचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत गोल्डस्मिथ या नांवानें प्रसिद्ध झालेलें भूगोलाचें एक शालेय पुस्तक प्रचारांत होतें. यॉर्कशर परगण्यांतील हॉवर्थ गांवीं पॅट्रिक ब्राँटे नांवाचे एक धर्मोपदेशक राहत. त्यांच्या घरच्या प्रतींत, स्थलनामांच्या यादींत, खऱ्या देशांच्या व शहरांच्या नांवांमध्यें त्यांच्या धाकट्या मुलीनें, ॲननें, आपल्या हस्ताक्षरांत कांहीं नांवें घुसवून दिलीं आहेत. गोंडल हें म्हणे उत्तर पॅसिफिक महासागरांतलें एक मोठें बेट. रेजिना ही त्याची राजधानी. गालडाइन हें दक्षिण पॅसिफिकमध्यें नुकताच शोध लागलेलें दुसरें बेट. त्यांतल्या झेडोरा प्रांताचा कारभार एक व्हाइसरॉय पाहतो आणि उला या राज्याला एक सोडून चार राजे आहेत. हें सारें खऱ्या भूगोलाच्याच रुक्ष आणि ठाम भाषेंत लिहिलेलें आहे.

ब्राँटे हें नांव ‘जेन एअर’ आणि ‘वदरिंग हाइट्स’ या कादंबऱ्यांमुळें आपल्यापैकीं पुष्कळांस परिचित असेल. पहिली शार्लटची, दुसरी एमिलीची. दोन्ही १८४७ सालच्या. परंतु त्यापूर्वीं कितीतरी वर्षें हीं भावंडें राज्यें वसवीत होतीं, युद्धें पुकारीत होतीं आणि मंत्रिमंडळें पाडीत होतीं, ही गोष्ट तितकीशी ठाऊक नसते.

खेळाचा आरंभ १८२६ च्या जून महिन्यांत झाला. घरांत आई नव्हती. ती १८२१ सालीं वारली होती. दोन थोरल्या मुली आदल्याच वर्षीं क्षयानें गेल्या होत्या. राहिलीं चार: शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन. शार्लट त्या वेळीं दहा वर्षांची होती, ॲन सहांची. वडील लीड्स शहरीं गेले होते. तेथून त्यांनीं ब्रॅनवेलसाठीं बारा लांकडी शिपायांची एक पेटी आणली. पेटी उघडतांच शार्लटनें त्यांतला एक देखणा शिपाई उचलला आणि हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जाहीर केलें. ब्रॅनवेलनें आपल्या शिपायास बोनापार्ट केलें. एमिली व ॲन यांचे शिपाई पुढें पॅरी आणि रॉस झाले. ध्रुवप्रदेशांत जहाजें घेऊन गेलेल्या खऱ्या प्रवाशांचीं हीं नांवें.

येथें मराठी श्रोत्यानें क्षणभर थबकावें. शार्लटचा हा वेलिंग्टन म्हणजे आमच्या इतिहासांतला आर्थर वेलस्ली. १८०३ च्या ऑगस्टांत अहमदनगरचा किल्ला घेणारा, २३ सप्टेंबरला असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा, आणि डिसेंबरांत गाविलगड सर करणारा तोच हा सेनापति. वॉटर्लू त्यानंतर बारा वर्षांनीं. हॉवर्थमधील मुलांच्या खोलींत जें राज्य स्थापन झालें, त्याच्या मूळ पुरुषाच्या तलवारीची ओळख दख्खनला आधींच झालेली होती.

शिपाई मिळाले, आतां त्यांस मुलूख हवा. मुलांनीं तो पश्चिम आफ्रिकेंत, गिनीच्या आखाताच्या कांठीं पसंत केला. कथा अशी रचली कीं, १७९३ सालीं बारा वीर जहाजांतून निघाले, वादळांतून वांचून आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागले, तेथल्या अशांती लोकांशीं लढले आणि जिनांच्या साहाय्यानें त्यांनीं एक भव्य नगर उभारलें. हे जिन अरबी सुरस गोष्टींतून आलेले. आणि ते दुसरे कोणी नसून हीं चौघें भावंडेंच होतीं. रणांत पडलेल्या शिपायांना पुन्हां जिवंत करण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. ज्या घरांतून चार वर्षांत तीन प्रेतयात्रा निघाल्या, त्या घरांतल्या मुलांनीं हा अधिकार प्रथम आपल्याकडे घ्यावा, याचें नवल वाटत नाहीं. नगराचें नांव ग्लास टाउन, म्हणजे काचनगर. पुढें तें व्हर्डोपोलिस झालें. भोंवतीं चौघांच्या चार वीरांचीं चार राज्यें, आणि मिळून एक संघराज्य.

हाच मुलूख कां? ‘ब्लॅकवुड्स’ नांवाचें मासिक या घरीं वाचलें जाई. त्याच्या १८२६ च्या जूनच्या अंकांत आफ्रिकेच्या अंतर्भागाविषयीं लेख आणि नकाशा आला होता. नायजर नदी समुद्रास कोठें मिळते याचा उलगडा युरोपांतल्या भूगोलज्ञांना तोंवर झालेला नव्हता. तो १८३० सालीं लँडर बंधूंच्या प्रवासानंतर झाला. अर्थात् नकाशावर तेथें मुबलक कोरी जागा होती. ब्रॅनवेलनें काचनगरच्या संघराज्याचा नकाशा स्वतः काढला. ती जागा कोरी होती ती युरोपियन कागदावर. भूमीवर माणसें राहत होतीं, आणि तीं दुबळीं नव्हतीं. १८२४ च्या जानेवारींत अशांती सैन्यानें इंग्रजांचा गव्हर्नर सर चार्ल्स मॅकार्थी यास लढाईंत ठार केलें होतें. त्या पराभवाची आठवण ताजी असतांना हा खेळ सुरू झाला.

नगर झालें कीं त्याला वर्तमानपत्र पाहिजे. १८२९ च्या आरंभीं ब्रॅनवेलनें ‘ब्लॅकवुड्स’च्या धर्तीवर शिपायांसाठीं मासिक काढलें, तें पुढें शार्लटकडे आलें. वाचक लांकडी शिपाई, तेव्हां मासिकही त्यांच्याच मापाचें: काडेपेटीएवढें, आणि छापील टाइपाचें अनुकरण करणाऱ्या अक्षरांत लिहिलेलें. हें अक्षर वाचावयास भिंग लागतें. मोठ्या माणसांच्या डोळ्यांपासून राज्यकारभार गुप्त ठेवण्याची ही युक्ति मला फार शहाणपणाची वाटते. (यांतला १८३० सालचा एक अंक २०१९ मध्यें पॅरिसच्या लिलांवांतून हॉवर्थच्या ब्राँटे संग्रहालयानें विकत घेतला.) मजकुरांत कविता, जाहिराती, वादविवाद असें सर्व कांहीं. त्याच वर्षीं इंग्लंडांत कॅथॉलिक लोकांना पार्लमेंटांत बसण्याचा हक्क देणारा कायदा झाला. वेलिंग्टन तेव्हां मुख्य प्रधान होता. वडिलांनीं वृत्तपत्र फोडून ती वार्ता वाचली तेव्हां घरांत केवढी उत्सुकता दाटली होती, हें शार्लटनें आपल्या कल्पित कथेच्या ओघांतच लिहून ठेवलें आहे. टपालानें येणारें वर्तमानपत्र आणि बोटाएवढें मासिक यांमध्यें मुलांच्या लेखीं भिंत नव्हतीच.

१८३४ मध्यें या संघराज्याच्या पूर्वेस एक नवें राज्य निर्माण झालें: अँग्रिया. वेलिंग्टनच्या कल्पित पुत्राला, झामोर्नाच्या ड्यूकला, युद्धांतील पराक्रमाबद्दल तो मुलूख बहाल करण्यांत आला. राजधानी ॲड्रियानोपोलिस, निशाणावर उगवता सूर्य. मुख्य प्रधान त्याचाच सासरा, अर्ल ऑफ नॉर्थअँगरलँड, हा पूर्वीचा बंडखोर आणि चांचा. (कुलाब्याच्या आंग्र्यांस जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘अँग्रिया’ म्हणत आणि गोंडल नांवाचें संस्थान काठियावाडांत होतें, हें चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानीं आलेंच असेल, पण केवळ नामसाम्यावर इतिहास रचूं नये.) जांवई शार्लटचा लाडका आणि सासरा ब्रॅनवेलचा. तेव्हां त्या राज्यांत यादवी अटळ होती. सासऱ्यानें क्रांति करून प्रजासत्ताक पुकारलें, झामोर्ना हरला व असेन्शन बेटावर हद्दपार झाला, आणि त्याची राणी, म्हणजे बंडखोराचीच कन्या, पति व पिता यांच्या कात्रींत सांपडली.

त्या वेळीं शार्लट घरीं नव्हती. ती रो हेड येथील शाळेंत शिक्षिका होती. व्याकरणाचे धडे घेत असतां तिचें चित्त राजधानीकडे लागलेलें असे. इकडे ब्रॅनवेल एकट्यानें राज्याची धूळधाण करीत होता. त्यानें राणीस मारून टाकल्याचें कळलें तेव्हां शार्लट कासावीस झाली, आणि पुढें लेखणी हातीं येतांच तिनें राणीला पुन्हां जिवंत केलें. जिनाचा तो जुना अधिकार तिनें एवढ्या वयांतही सोडलेला नव्हता. दोन लेखकांनीं एक देश चालवावयाचा म्हणजे यापरतें काय होणार!

परंतु या सर्व बंडाळींत एक शत्रु असा होता कीं, ज्याच्याशीं तह कधीं टिकला नाहीं. त्याचें नांव क्वाशिया क्वामिना. १८३३ च्या एका कथेंत शार्लटनें त्याचा पूर्ववृत्तांत दिला आहे. गोऱ्यांनीं अशांतीची राजधानी कुमासी जिंकली, राजा मारला गेला, आणि त्याचें लहान पोर विजेत्यांच्या हातीं लागलें. वेलिंग्टननें त्याला आपल्या मुलांबरोबर वाढविलें. वयांत येतांच तो आपल्या लोकांना जाऊन मिळाला आणि बापाचा मुलूख परत मागूं लागला. मारल्या गेलेल्या राजाचें नांव मुलांनीं मनानें केलेलें नव्हे. १८१७ सालीं इंग्रजांनीं ज्या अशांती राजाशीं तह केला, त्याचेंच इंग्रजी कागदपत्रांतलें नांव त्यांनीं उचललें. खरी कुमासी इंग्रजी फौजेच्या हातीं पडली ती १८७४ मध्यें, आणि अशांतीचा मुलूख साम्राज्यास जोडला गेला तो १९०२ च्या आरंभीं. हॉवर्थच्या मुलांनीं ती मोहीम चाळीस वर्षें आधींच फत्ते केली होती.

शार्लट क्वाशियाला न्याय देत नाहीं. तो कृतघ्न, मद्यपी आणि कामांध असाच तिनें रंगविला आहे. त्या काळच्या इंग्रजी घरांतला वर्णाभिमान त्यांत उघड दिसतो, आणि तो पांघरूण घालून झांकण्याचें कारण नाहीं. तरी लक्ष देण्यासारखी गोष्ट ही कीं, तिला त्याला घालवितां येत नाहीं. शाळेंतल्या त्या एकाकी दिवसांत तिच्या मनश्चक्षूंपुढें आलेल्या चित्रांपैकीं एक असें आहे: ॲड्रियानोपोलिसच्या राजवाड्यांत राणीच्या खास दालनांत क्वाशिया झिंगून पडला आहे. ज्यांचा मुलूख घेतला ते परत येतील, ही धास्ती तिच्या कल्पनेंत घर करून राहिली होती. असईचें नांव ज्यांनीं दुसऱ्या बाजूनें ऐकलें, अशा आपल्यासारख्या वाचकांस क्वाशियाचा पक्ष निराळा समजावून सांगावा लागत नाहीं.

१८३९ च्या सुमारास शार्लटनें अँग्रियाचा निरोप घेतला. त्या उष्ण, झगमगत्या मुलुखांतून निघून निवळ व थंड हवेंत जावें, असा तिचा मनोदय होता. मात्र ‘जेन एअर’मधील रॉचेस्टर पाहिला कीं, झामोर्ना पुरता मागें राहिला नाहीं हें कळतें.

एमिली व ॲन १८३१ सालींच वेगळ्या निघाल्या होत्या. थोरली बहीण शाळेस गेली तेव्हां या दोघींनीं आपलें गोंडल बेट वसविलें. पॅसिफिकमध्यें असलें तरी तेथलें हवामान यॉर्कशरच्या माळरानाचें: वारा, बर्फ आणि धुकें. गोंडलचे लोक गालडाइन जिंकून वांटून घेतात आणि मग आपसांत भांडतात. ज्यूलियस ब्रेन्झाइडा नांवाचा राजा सहराजाशीं मैत्रीची शपथ घेऊन त्यालाच कैदेंत टाकतो, सम्राट होतो आणि मारेकऱ्याच्या हातून मरतो. पुढें राजपक्ष आणि प्रजासत्ताकवादी यांचें युद्ध पेटतें. येथल्या राजकारणांत स्त्रिया आसनावर बसतात, तुरुंगांत जातात आणि तुरुंगांत घालतातही. अँग्रियाहून मला हें राज्य अधिक कठोर, पण अधिक प्रौढ वाटतें.

१८४५ च्या जून महिन्याच्या अखेरीस दोघी बहिणी आगगाडीनें यॉर्कला गेल्या. एमिली सव्वीस वर्षांची, ॲन पंचवीसांची. सबंध वाटभर त्या गोंडलमधलीं माणसें झाल्या होत्या. विजयी प्रजासत्ताकवाद्यांनीं जेरीस आणलेल्या राजपक्षास मिळण्याकरितां निघालेलीं. शेजारच्या उतारूंना याची वार्ता असण्याचें कारण नव्हतें.

त्याच वर्षाच्या शरदांत एमिलीच्या कवितांची वही शार्लटच्या हातीं पडली आणि १८४६ मध्यें तिघी बहिणींच्या कवितांचें पुस्तक टोपणनांवांनीं निघालें. एमिलीच्या कवितांतून गोंडलचीं नांवें काढून टाकलेलीं होतीं. म्हणून, बर्फाखालीं पुरलेल्या प्रियकरासाठीं वर्षानुवर्षें झुरणारी स्त्री खून झालेल्या सम्राटाचा शोक करीत आहे, हें कोणास समजलें नाहीं. पुस्तकाच्या पहिल्या वर्षांत अवघ्या दोन प्रती खपल्या. १८४८ च्या डिसेंबरांत एमिली गेली, पुढच्या मे महिन्यांत ॲन. दोघींनीं लिहिलेला गोंडलचा गद्य इतिहास आज उपलब्ध नाहीं. कविता आहेत, रोजनिशीचे थोडे कागद आहेत. आणि रेजिना कोठें होती व उलाला किती राजे होते, हें भूगोलाच्या त्या शाळकरी पुस्तकांत ॲननें नोंदून ठेवलें आहे.