बल्दा आणि अतराफ : हैदराबादच्या जुन्या नकाशांविषयी

निजामी कारभाराच्या भाषेत हैदराबाद शहराला 'बल्दा' म्हणत आणि शहराला वेढणाऱ्या जिल्ह्याला 'अतराफ-ए-बल्दा', म्हणजे शहराचा आसमंत. हा जिल्हा सर्फ-ए-खास होता. त्याचा वसूल निजामाच्या खाजगीकडे जमा होई. १९४९ साली सर्फ-ए-खासचा मुलूख दिवाणी मुलखात विलीन झाला आणि हे नाव दप्तरातून गेले. जुन्या नकाशांवर मात्र ते टिकून आहे. शहर एका कागदावर आणि त्याचा आसमंत दुसऱ्या कागदावर, अशी नकाशांचीही वाटणी झालेली असल्यामुळे शहराचा इतिहास सांगणारे बहुधा पहिलाच कागद उलगडतात. दुसरा शेजारी ठेवल्यावाचून पहिल्याचा अर्थ लागत नाही, असे आमचे मत आहे, आणि ते का हे येथे सांगावयाचे आहे.

नकाशा वाचताना पहिला प्रश्न प्रमाणाचा. याविषयी एक कथा इंग्रजी ग्रंथांतून आली आहे. रेसिडेंट जेम्स अचिलीस कर्कपॅट्रिक याने रेसिडेन्सीसाठी जागा मागताना तिचा भलामोठा आराखडा निजामापुढे ठेवला. निजामाने साफ नकार दिला. रेसिडेंट बुचकळ्यात पडला, तेव्हा दरबारातील एका जाणत्याने त्याला समजावले : आजवर निजामाने आपल्या साऱ्या राज्याचे जे नकाशे पाहिले, ते तुमच्या या कागदाएवढेच होते, तेवढा मुलूख तुम्ही मागता आहात असे त्याला वाटले. मग तोच आराखडा एका लहानशा पत्र्यावर उतरवून नेला आणि मागणी तत्काळ मान्य झाली. कथेत मीठमसाला किती हे सांगणे कठीण, आणि निजामाला भोळा ठरविण्याची हौसही तिच्यात दिसते. तथापि वर्गात प्रमाण शिकविण्यास यासारखे दुसरे उदाहरण आम्हास ठाऊक नाही. ती रेसिडेन्सी १८०३ ते १८०६ च्या सुमारास बांधली गेली, आणि पुढे तेथेच कोठीचे महिला महाविद्यालय भरू लागले.

आकड्यांनी पाहू. तटाच्या आतील जुने शहर सुमारे सव्वादोन चौरस मैलांचे. एका इंचास एक मैल या प्रमाणाच्या नकाशावर ते आगपेटीएवढ्या जागेत मावते. चारमिनार हा तेथे फार तर एक ठिपका. उलट, एका इंचास पन्नास फूट असे प्रमाण घेतले, तर एक मैल दाखविण्यास जवळजवळ नऊ फूट लांबीचा कागद लागेल. त्यावर विहीरही दिसेल, परंतु मुसी नदी कोठून येते ते मुळीच दिसणार नाही.

इंग्रजी मोजणीपूर्वी आपल्याकडे नकाशे नव्हते, हा समज खरा नाही. मोडीत लिहिलेले मराठेकालीन नकाशे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत आहेत. त्यांत उत्तर दिशा वरच असते असे नाही. डोंगर आणि किल्ले उभे काढलेले, आणि अक्षरे कागद फिरवून वाचावी लागतात. त्यांना प्रमाण नाही, परंतु मजल आहे. घोड्यावरून जाणाऱ्यास काय लागेल ते त्यांत सापडते.

शास्त्रीय मोजणीची हकीकत मात्र थोडी विस्ताराने सांगावयास हवी, कारण तिच्यात आपल्या मुलखाचा वाटा मोठा आहे. विल्यम लँब्टन याने १८०२ साली मद्रासजवळ त्रिकोणमापनाची पहिली पायारेषा मोजली आणि तो उत्तरेकडे सरकत गेला. जमिनीवर एक रेषा साखळीने अत्यंत काटेकोरपणे मोजावयाची, तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यावयाचे, आणि उरलेल्या दोन भुजा गणिताने काढावयाच्या; मग त्या भुजेवर पुढचा त्रिकोण. चूक साठत जाऊ नये म्हणून मध्येच नवी पायारेषा मोजून पडताळा घ्यावा लागे. तशी एक पायारेषा १८१५ साली बिदरजवळ दामरगिद्द्याला मोजली गेली. १८१८ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट त्याचा साहाय्यक म्हणून हैदराबादेस आला. पुढल्या वर्षी कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलांत त्याला तापाने असे गाठले, की प्रकृती सुधारण्यासाठी १८२० साली त्यास आफ्रिकेच्या केपला जावे लागले. लँब्टन हैदराबादेहून नागपूरकडे निघाला असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटास वारला. त्याची कबर तेथेच आहे. हिमालयातील शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले आणि ते शाळकरी मुलांनाही पाठ आहे. ज्याने ही साखळी सुरू केली तो वऱ्हाड-नागपूरच्या वाटेवर विसावला, हे वर्धा जिल्ह्याबाहेर फारसे कोणी सांगत नाही.

त्यानंतरच्या नकाशांत शहराला निकड आली ती पुरामुळे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीने दोन्ही काठांवरचे हैदराबाद धुऊन नेले. मृतांची संख्या सुमारे पंधरा हजार सांगितली जाते. अफझलगंजजवळच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसे वाचली. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. १९०९ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण झाले, आणि त्यांनी विचार केला तो शहराच्या वरच्या अंगास पसरलेल्या पाणलोट क्षेत्राचा. तेथे ७८८ तलाव होते, आणि त्यांपैकी २२१ फुटले होते. एका तलावाचे पाणी खालच्या तलावावर कोसळावे, त्याचा बांध फुटून दोहोंचे तिसऱ्यावर, असा तो प्रकार. बल्द्याचा घात अतराफात ठरला होता. उपायही तेथेच झाला : मुसीवर १९२० मध्ये उस्मानसागर, आणि तिच्या ईसी या उपनदीवर १९२७ मध्ये हिमायतसागर.

पुरानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात लिओनार्ड मन याच्या देखरेखीखाली शहराची मोठ्या प्रमाणावर मोजणी झाली. मन हा निजाम सरकारच्या खाण खात्यातला. राज्यातील प्राचीन खाणी आणि महापाषाणकालीन दफने यांवरही त्याने लिहिले आहे. १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले, त्याच सुमाराचे हे नकाशे. गल्ली, घर, बाग, विहीर, तळे इतक्या बारकाईने जुने हैदराबाद अन्यत्र पाहावयास मिळत नाही. आज त्यांचे मोल वाढले आहे, कारण त्यांवरची पुष्कळ पाणवठ्याची ठिकाणे जमिनीवर उरली नाहीत. मासाब टँक हे नाव माँसाहेबा हयात बक्षी बेगमेच्या तलावाचे. नाव आहे, तलाव नाही. काचीगुड्याच्या पलीकडे नल्लाकुंटा, म्हणजे तेलुगूत काळे तळे, तेथेही घरेच. २०२० च्या ऑक्टोबरातल्या पावसात शहराभोवतीचे काही तलाव फुटले आणि पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा जुन्या नकाशांकडे पुन्हा लक्ष गेले.

सगळेच नकाशावर दिसते असे नाही. रेसिडेन्सीभोवतीचा बाजार इंग्रजांच्या अधिकारात होता. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला आणि त्याचे सुलतान बाजार झाले. नकाशावर ही हद्द म्हणजे एक बारीक रेघ. परंतु त्या रेघेच्या अलीकडे निजामाचा कायदा आणि पलीकडे इंग्रजांचा. सभा, व्याख्यान, वर्तमानपत्र यांवर जेथे बंधने होती, त्या राज्यात ही रेघ ओलांडणे म्हणजे काय, हे नकाशा सांगणार नाही. आपल्या मराठी मंडळींच्या पुष्कळ संस्था याच परिसरात का रुजल्या, याचा विचार करणाऱ्याने ती शोधून पाहावी.

भाषेच्या शिक्षकांसाठी आणखी एक सूचना करतो. निजामी राज्याच्या इंग्रजी नकाशांत नांदेड हे 'नांदेर' आणि बीड हे 'भीर' असे छापलेले आढळेल. ही नकलनविसाची डुलकी नव्हे. दोन स्वरांमधला वा शब्दान्तीचा मराठी 'ड' उर्दूत ताडित 'ड़' म्हणून उच्चारला आणि लिहिला जातो, आणि इंग्रजाच्या कानाला तो 'र' वाटतो. मराठी गाव, उर्दू दप्तर, रोमन लिपी : तीन लेखण्यांचा प्रवास एका अक्षरात उमटला आहे. गावांची जुनी नावे शोधताना हे ध्यानी न धरल्यास एकाच गावाची दोन गावे होतात.

शेवटी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकांच्या मालिकेविषयी. तिच्यात ५६ क्रमांकाचा पत्रा १६ ते २० अक्षांश आणि ७६ ते ८० रेखांश यांमधला. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा सोळा. चारमिनार ५६ के/७ मध्ये पडतो, तर उस्मानिया विद्यापीठ ५६ के/११ मध्ये. बिदर ५६ जी मध्ये, उदगीर ५६ एफ मध्ये, लातूर ५६ बी मध्ये, नांदेड ५६ ई मध्ये. १९५६ मध्ये राज्याच्या सीमा बदलल्या. पत्र्यांच्या कडा अक्षांश-रेखांशांच्या असल्यामुळे त्या हलल्या नाहीत. मुसीचा उगम पाहावयाचा तर ५६ के सोडून विकाराबादच्या अनंतगिरी डोंगरांकडे, म्हणजे बिदरच्याच ५६ जी पत्र्यावर जावे लागते. दोन्ही पत्रे मेजावर कडेला कड लावून ठेवावेत, आणि विद्यार्थ्यास नदीवरून उलट बोट फिरवावयास सांगावे.