साब्लिनला पळून जायचं नव्हतं

सोव्हिएत नौदलातलं १९७५ चं फसलेलं बंड जगाला माहीत झालं ते मुख्यतः टॉम क्लॅन्सीच्या ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ या कादंबरीमुळे. कादंबरीतला कप्तान अमेरिकेला जाऊन मिळतो. ज्याच्या बंडावरून ती सुचली, त्या वालेरी साब्लिनला मात्र देश सोडायचाच नव्हता. तो पक्का कम्युनिस्ट होता. ब्रेझनेव्हच्या राजवटीत क्रांती नोकरशहांच्या घशात गेली, हीच त्याची तक्रार होती.

‘स्तोरोझेवोय’ या युद्धनौकेवर तो राजकीय अधिकारी होता. खलाशांना पक्षाची शिकवण देणं आणि त्यांच्या निष्ठेवर नजर ठेवणं, हे त्याचं काम. क्रांतीच्या वर्धापनदिनासाठी नौका रीगाला आली होती. ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्याने कप्तानाला काही निमित्त काढून खाली नेलं आणि कोंडलं. खलाशांसाठी आयझेनस्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’ लावला. १९०५ च्या नाविक बंडावरचा चित्रपट. अधिकाऱ्यांना बेत सांगून सोंगट्यांनी कौल घेतला. बाजूने असाल तर पांढरी टाका, विरोधात असाल तर काळी. जिथे एकमत वरून ठरून यायचं, तिथे हे मतदान मला बंडाइतकंच धाडसाचं वाटतं. अर्थात काळी टाकणाऱ्यांना त्यानेही कोंडलंच, हे विसरून चालणार नाही.

लेनिनग्राडला जायचं आणि तिथून रेडिओ-टीव्हीवर थेट जनतेशी बोलायचं, असा बेत होता. पण एक अधिकारी निसटला, बातमी फुटली आणि रातोरात नांगर उचलावा लागला. साब्लिनने संदेश उघड भाषेत पाठवायला सांगितला होता. तो गेला सांकेतिक लिपीत, फक्त नौदलाच्या वरिष्ठांकडे. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्या कानांपर्यंत एक शब्द पोचला नाही. रीगाच्या आखातातून मोठी नौका बाहेर पडते ती पश्चिमेकडून, मग लेनिनग्राडला जायचं असो की स्वीडनला. त्यामुळे ‘पळून चालले’ हा आरोप सरकारला सोयीचा ठरला.

सकाळी विमानांनी बॉम्ब टाकले, सुकाणू निकामी झालं. खलाशांनी सोडवलेल्या कप्तानाने साब्लिनच्या पायात गोळी घातली आणि बंड संपलं. ३ ऑगस्ट १९७६ रोजी देशद्रोही ठरवून त्याला गोळ्या घातल्या. वय ३७. त्याला साथ देणाऱ्या अलेक्सांद्र शेन या तरुण खलाशाला आठ वर्षांची शिक्षा झाली.

१९९४ मध्ये रशियाच्या न्यायालयाने देशद्रोहाचा ठपका काढून साब्लिनची शिक्षा दहा वर्षांवर आणली. निर्दोष मात्र ठरवलं नाही.