‘नुसती जुळणी’ म्हणणाऱ्यांसाठी

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह हजर होते, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या म्हणजे एचएएलच्या तिथल्या कारखान्यात तेजसची तिसरी उत्पादन-साखळी सुरू झाली. आणि दिवस मावळायच्या आत नेहमीचं वाक्य फिरायला लागलं: ‘इंजिन अमेरिकेचं, रडार इस्रायलचं, पंख एल अँड टीचे. मग एचएएल करते काय? नुसती जुळणी!’

सुखोईच्या वेळी हेच ऐकलं, ध्रुव हेलिकॉप्टरच्या वेळीही हेच. म्हणणाऱ्याला आपण काहीतरी बिंग फोडलं असं वाटत असतं. खरं तर जगातली प्रत्येक मोठी विमान कंपनी जे करते तेच तो तक्रारीच्या सुरात सांगत असतो.

अमेरिकेचं एफ-३५ घ्या. विमानावर नाव लॉकहीड मार्टिनचं. इंजिन प्रॅट अँड व्हिटनीचं, मधला सांगाडा नॉर्थ्रॉप ग्रुमनचा, मागचा सांगाडा ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्सचा. लॉकहीड पुढचा भाग नि पंख बनवते आणि टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला सगळं एकत्र आणते. स्वीडनच्या साबचं ग्रिपेन पाहा. त्याच्या पहिल्या पिढ्यांचं इंजिन अमेरिकेच्या जीईच्या एफ-४०४ वर बेतलेलं, म्हणजे आपल्या तेजसला आहे त्याच घराण्यातलं. ग्रिपेनला कोणी अमेरिकी विमान म्हणत नाही. फ्रान्सची दासो तर इंजिन बनवतच नाही. राफेलला साफ्रानचं इंजिन लागतं. बोइंग आणि एअरबस यांच्या प्रवासी विमानांचीही गोष्ट वेगळी नाही. लढाऊ जेट इंजिन पूर्णपणे स्वतःच्या बळावर बनवणारे देश हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच आहेत. आपलं कावेरी इंजिन १९८९ मध्ये मंजूर झालं आणि २००८ मध्ये तेजसपासून वेगळं काढावं लागलं. ते काम एचएएलकडे नव्हतंच, डीआरडीओच्या प्रयोगशाळेकडे होतं. रागवायचं तर पत्ता तरी बरोबर शोधा.

आता जुळणीकडे येऊ. तेजसचे पंख कोइंबतूरला एल अँड टीकडे होतात, मधला सांगाडा हैदराबादला व्हीईएम टेक्नॉलॉजीजकडे, पुढचा बंगळुरूच्या डायनामॅटिककडे, मागचा तिथल्याच अल्फा टोकोलकडे. हे भाग ओझरला किंवा बंगळुरूला येतात. मिलिमीटरच्या अंशांतली चूकही चालत नाही अशा साच्यांवर ते बसवायचे, कित्येक किलोमीटर वायरिंग ओढायचं, टाक्यांची गळती तपासायची, वजनाचा तोल पाहायचा, इंजिन जमिनीवर चालवून बघायचं, मग धावपट्टीवर पळवायचं आणि शेवटी चाचणी-वैमानिकाने ते आकाशात न्यायचं. उड्डाणयोग्यता सेमिलॅक ही सरकारी संस्था ठरवते, दर्जावर संरक्षण मंत्रालयाची वेगळी यंत्रणा डोळा ठेवते. या टप्प्यांत काही चुकलं तर जबाबदार एचएएल, पंख कोणीही बनवलेले असोत.

आणि तेजसमधला अवघड भाग इंजिन एवढाच नाही. हे विमान मुद्दाम अस्थिर बनवलेलं आहे, म्हणजे चपळतेसाठी ते स्वतःहून तोल सांभाळत नाही. संगणक क्षणोक्षणी त्याला सावरत असतो. ही उड्डाण-नियंत्रण प्रणाली तयार होत असताना आपले अभियंते अमेरिकेत लॉकहीड मार्टिनबरोबर काम करत होते. १९९८ च्या अणुचाचण्या झाल्या, निर्बंध आले आणि त्यांना परतावं लागलं. उरलेलं काम इथे पूर्ण झालं, आणि ४ जानेवारी २००१ ला तेजस उडालं. परदेशी भागीदारी किती उपयोगाची आणि कुठवर भरवशाची, हे या एका प्रसंगातून जेवढं कळतं तेवढं दहा सामंजस्य करार वाचून कळत नाही.

टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते सुखोईबाबत. २००० साली रशियाशी झालेल्या करारानुसार सुखोई-३०एमकेआय ओझरला परवान्यावर बनू लागलं. हे टप्प्याटप्प्याने होतं: आधी अर्धवट जोडलेली विमानं येतात, मग सुटे भाग, मग कच्च्या मालापासून इथेच घडण. एचएएलने पुढच्या ऑर्डरी धरून २२२ विमानं केली आणि कच्च्या मालाचा टप्पाही गाठला. तरीही आराखड्याची मालकी रशियाकडेच राहिली. भाग कसा बनवायचा हे परवान्यातून शिकता येतं. तो तसाच का आहे हे कागदावर मिळत नाही. त्यामुळे सुखोईला ‘आपलं’ म्हणताना जीभ थोडी आवरावी, हे मान्य. पण त्याच कारखान्याने सुखोईचा सांगाडा बळकट करून त्याखाली अडीच टनांचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र टांगण्याची सोय केली, आणि २०१६ च्या जूनमध्ये ते विमान क्षेपणास्त्रासह नाशिकहून उडालं. नुसती जुळणी करणाऱ्यांच्या हातून हे होत नाही.

ओझरमध्ये तरी पूर्ण विमान बनतं का? नाही, आणि तशी योजनाही कधी नव्हती. १९६३ मध्ये मिग-२१ साठी एरोनॉटिक्स इंडिया ही कंपनी निघाली तेव्हाच काम तीन राज्यांत वाटलं गेलं: सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. (संरक्षणमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते, आणि त्याच वर्षी ते नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. जुने नाशिककर ओझरच्या कारखान्याला अजून ‘मिग’च म्हणतात.) १ ऑक्टोबर १९६४ ला ही कंपनी बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये मिसळली आणि आजची एचएएल झाली. ती वाटणी अजून टिकून आहे. सुखोईची इंजिनं कोरापुटलाच होतात. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये २४० इंजिनांची नवी ऑर्डर तिकडेच गेली. एचएएलची आजची मांडणीही अशीच विभागलेली: नाशिक आणि कोरापुट मिळून एक गट, हेलिकॉप्टरांचा दुसरा, लखनौ वगैरे ठिकाणच्या उपकरणांचा तिसरा, बंगळुरूच्या कारखान्यांचा चौथा, आणि संशोधन-आराखड्याची केंद्रं निराळी.

बाकीचे गैरसमज पटकन उरकतो.

‘तेजस एचएएलने डिझाइन केलं.’ मुख्यतः नाही. ते काम १९८४ मध्ये स्थापन झालेल्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीचं, उत्पादन एचएएलचं. याउलट एचटीटी-४० हे प्रशिक्षण विमान एचएएलने स्वतः रेखलं.

‘कंपनी सरकारने काढली.’ १९४० मध्ये काढली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन. सरकार नंतर आलं.

‘आपल्याकडे आराखडे करणारे नव्हतेच.’ एचटी-२ हे विमान १९५१ मध्ये उडालं आणि ते घडवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. शाळेच्या पुस्तकात नाव नसलं म्हणून माणूस नव्हता असं होत नाही.

‘ते सरकारी खातं आहे.’ २०१८ पासून शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे, केंद्राचा वाटा सुमारे ७२ टक्के. तुमच्या म्युच्युअल फंडातही कदाचित थोडी एचएएल असेल.

‘संयुक्त कंपनी काढली म्हणजे परदेशी लोक आत घुसले.’ संयुक्त कंपनी एका ठराविक कामासाठी असते. ओझरची इंडो-रशियन एव्हिएशन रशियन विमानांचे सुटे भाग आणि देखभाल पाहते. हेलिकॉप्टर इंजिनांच्या दुरुस्तीसाठी गोव्यात साफ्रानबरोबर वेगळी कंपनी आहे. मूळ एचएएलचे मालक त्याने बदलत नाहीत.

‘ब्रह्मोस एचएएल बनवते.’ ते बनवणारी कंपनी डीआरडीओ आणि रशियाची एनपीओ माशिनोस्त्रोयेनिया यांची, भागभांडवल ५०.५ आणि ४९.५ टक्के. एचएएलचं काम ते सुखोईवर बसवण्याचं.

‘आकाशाच्या पलीकडे यांचा संबंध नाही.’ पाच पीएसएलव्ही रॉकेटं बांधण्याचं कंत्राट २०२२ मध्ये एचएएल आणि एल अँड टी यांना मिळून मिळालं.

‘विमानाचं काम आलं की एचएएललाच जातं.’ सी-२९५ ही वाहतूक विमानं वडोदऱ्याला टाटा आणि एअरबस बांधतात. पुढच्या अॅम्का लढाऊ विमानासाठी २०२५ च्या मे महिन्यात सरकारने ठरवलं की खासगी कंपन्यांनाही बरोबरीने स्पर्धा करू द्यायची.

एचएएलला धारेवर धरण्यासारखी जागा आहे, पण ती ‘जुळणी’ नाही. ८३ मार्क-१ए विमानांचा करार २०२१ च्या फेब्रुवारीत झाला आणि पहिलं विमान मार्च २०२४ अखेर हवाई दलाला मिळायचं होतं. ते मिळालं नाही. मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं इंजिन जीईने २०२५ च्या मार्चमध्ये दिलं, हे खरं; पण कंपनीच्या कामाच्या गतीवर त्याच वर्षी फेब्रुवारीत एअरो इंडिया या विमान-प्रदर्शनात खुद्द हवाई दलप्रमुखांनी नाराजी बोलून दाखवली. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची ऑर्डर त्याच कंपनीला मिळाली. तेव्हा ओझरकडे बघताना इंजिन कुणाचं ते विचारण्यापेक्षा यंदा किती विमानं दारातून बाहेर पडली ते विचारा. ओझरच्या नव्या साखळीची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे.