कोंबड्यांचं पान

नवी मुंबईतल्या दिघ्यात आम्ही सात-आठ जण महिन्यातून एका रविवारी एकत्र बसून वाचतो. एमआयडीसीतल्या पॅकेजिंगच्या कारखान्यात ऑफसेट मशीन चालवणारे एक गृहस्थ, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, कॉलेजात जाणारी दोन मुलं, इलठणपाड्याच्या एक मावशी आणि अधूनमधून येणारे एक-दोघे. गेल्या पावसाळ्यात आम्ही अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ घेतली. आमच्या हातातलं पुस्तक इंग्रजी, म्हणून कविता मी एकेक करून मराठीत सांगत होतो. शेवटाकडे एक पान आलं आणि मला थांबावं लागलं, कारण ते सांगता येईना. देऊळ मागे टाकून स्टेशनाकडे निघालेल्या माणसाला वाटेत ज्वारीच्या शेतात कोंबडे-कोंबड्या उड्या मारताना दिसतात आणि तिथे कवीनं शब्दच वर-खाली उडवून पानभर विखरून टाकलेत.

मुलांना वाटलं, छपाईत काहीतरी गडबड झाली. मशीनवाल्या गृहस्थांनी पुस्तक हातात घेतलं, जरा लांब धरलं आणि म्हणाले, “चूक नाही ही. एकेक शब्द हातानं बसवलाय. ज्यानं केलंय त्याला पान कळतं.”

कोलटकरांबद्दल मी बरीच समीक्षा वाचली आहे. इतकं नेमकं वाक्य त्यात मला क्वचित सापडलं.

कोलटकर मूळचे कोल्हापूरचे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, 1957 मध्ये चित्रकलेचं शिक्षण पुरं केलं आणि पोटासाठी जाहिरातीत गेले. तिथे कलादिग्दर्शक म्हणून त्यांचं एवढं नाव झालं की ‘कॅग’ (कम्युनिकेशन आर्ट्स गिल्ड) या संस्थेच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना जागा मिळाली. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि ते स्वतः, अशा चौघा कवींनी मुंबईत ‘क्लिअरिंग हाउस’ नावाचं प्रकाशन काढलं. ‘जेजुरी’ तिथूनच 1976 मध्ये पुस्तकरूपानं आली आणि पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. चौघांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं कोलटकरांनीच केली होती, आकार जवळजवळ चौकोनी. एका मित्राकडची ती जुनी प्रत मी पुढच्या खेपेला नेली, तेव्हा मशीनवाल्यांनी आधी पट्टी काढून ती मोजली. आपल्याकडची बहुतेक पुस्तकं डेमी आकारात निघतात, कारण ती पानं शीटमध्ये नेमकी बसतात आणि कटिंगला कागद फारसा जात नाही. “हा आकार परवडणारा नाही,” ते म्हणाले. “तरी काढलाय, म्हणजे हवाच होता.”

कवितेच्या पुस्तकाबद्दल वाचकाचं मत त्याच्या आशयावरून बनतं, असं आपण धरून चालतो. चित्रकारानं लिहिलेल्या पुस्तकाला एवढं पुरत नाही. तिथे समास, कोरी जागा, अक्षराची जाडी हेही लिहिलेलंच असतं.

याचं जगातलं फार मोठं उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराचे अ‍ॅलिस्डर ग्रे. जन्म 1934 चा. तेही 1957 मध्येच ग्लासगोच्या कलाशाळेतून बाहेर पडले. भित्तिचित्रकार म्हणून शिकलेल्या या माणसानं ‘लॅनार्क’ ही कादंबरी सुमारे पंचवीस-तीस वर्षं लिहिली आणि 1981 मध्ये ती आली तेव्हा तिचं मुखपृष्ठ, आतली चित्रं, अक्षरांची मांडणी, सगळं त्यांचंच होतं. कादंबरीचे चार भाग आहेत आणि ते तिसरा, पहिला, दुसरा, चौथा या क्रमानं येतात. उपसंहार शेवट होण्याआधीच येतो आणि कुठून काय उचललं याची यादी लेखक त्यातच देतो. काही वाचक या खेळाला कंटाळले, काहींनी तिला स्कॉटलंडची शतकातली मोठी कादंबरी ठरवलं. त्यांच्या ‘पुअर थिंग्ज’ या कादंबरीवर 2023 मध्ये चित्रपट आला, त्याला चार ऑस्कर मिळाले. त्यातून ग्लासगो मात्र गळून पडलं आणि तिथल्या अनेक वाचकांना ते लागलं. त्यांचं लागणं मला पटतं. ‘लॅनार्क’मधला चित्रकार तरुण एका ठिकाणी मित्राला सांगतो की ज्या शहराला कुणा कलावंतानं वापरलेलं नाही, त्या शहरात राहणारेही मनानं तिथे राहत नाहीत.

हे मी वाचून दाखवलं, तेव्हा मुलांपैकी एक जण लगेच म्हणाला, “सर, दिघ्याचं चित्र कुणी काढलंय?” ठाणे-बेलापूर रस्ता, कारखान्यांचे पत्रे, पारसिकच्या उतारावरची घरं, रेल्वेचं ब्रिटिशकालीन धरण, 12 जानेवारी 2024 ला सुरू झालेलं दिघा गाव स्टेशन. यातलं कुठल्या पुस्तकात आलंय, हे आमच्यापैकी कुणालाही सांगता आलं नाही.

पण ‘जेजुरी’ची खरी परीक्षा मावशींनी घेतली. त्या पुरंदर तालुक्यातल्या, कुलदैवत खंडोबा. घरात लग्न झालं की जागरण-गोंधळ होतो, सोमवती अमावास्येला जमेल तेव्हा गडावर जातात. पहिल्या दिवशी त्यांनी एकच प्रश्न विचारला. “ह्यो माणूस नवस बोलत नाही, तळी भरत नाही, मग जेजुरीला गेला कशापायी?”

भालचंद्र नेमाड्यांनी इंग्रजीतल्या भारतीय लेखनाविरुद्ध लिहिताना ‘जेजुरी’वर घेतलेला आक्षेप याच अंगाचा आहे: मुंबईचा माणूस पर्यटकासारखा येतो आणि जातो. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पुस्तक एसटीत सुरू होतं आणि स्टेशनावर संपतं. भंडारा उधळणाऱ्यांचा गजर त्यात जवळजवळ ऐकूच येत नाही. श्रद्धेची ऊब शोधणाऱ्याचा हात रिकामाच राहतो.

मग मी बुटक्या देवळाची कविता सांगितली. आत अंधार, पुजाऱ्याच्या हातात काडेपेटी. काडी ओढली की एक देव उजेडात येतो, विझली की जातो. एक देवी दिसते. पुजारी म्हणतो, अष्टभुजा. पाहणारा हात मोजतो, तर ते अठरा भरतात. पुजारी आपला आठावरच ठाम. पाहणारा आणखी वाद न घालता बाहेर येऊन चारमिनार सिगारेट पेटवतो.

मावशी क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “आठरा असतील तर आठराच. आम्ही कधी मोजले न्हाईत. ह्यानं मोजले.”

माझं मत तिथे पक्कं झालं. पर्यटक मोजत बसत नाही. कलाशाळेत पहिल्या वर्षी जे शिकवतात तेच हे: ठाऊक आहे ते काढू नका, समोर आहे ते काढा. एका बिजागरीवर लोंबकळणाऱ्या जुन्या दारावर वाळत टाकलेली अर्धी चड्डी, मुख्य देवळाच्या बाहेर ठेवलेला बिनहातापायाचा देव यशवंतराव, हे सगळं कोलटकरांनी असंच टिपलंय. भाविक नसलेल्या माणसाला देवाच्या दारी एवढं लक्ष देता येतं, याला मी आदरच म्हणेन. यशवंतरावाची कविता मावशींनी दोनदा सांगायला लावली.

पुढे आम्ही ‘काळा घोडा पोएम्स’मधल्या काही कविता घेतल्या. हे पुस्तक आणि ‘सर्पसत्र’ 2004 मध्ये आले, त्याच वर्षी 25 सप्टेंबरला कोलटकर गेले. काळा घोडा भागातल्या वेसाइड इन या उपाहारगृहात खिडकीशी बसून वर्षानुवर्षं पाहिलेला चौक त्यात आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या अंगावरचे ठिपके मुंबईच्या जुन्या बेटांच्या नकाशासारखे दिसतात, कचऱ्याच्या गाडीत उभी राहून कचरा तुडवणारी सफाई कामगार नाचताना दिसते. निवृत्त बाईंना ही दुसरी कविता खटकली. “कष्टाला नाच म्हणणं सोपं आहे,” त्या म्हणाल्या. त्यावर जवळजवळ तासभर वाद झाला आणि मिटला नाही. बाईंचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. पण त्या चौकात रोज येणाऱ्या हजारोंपैकी किती जणांनी त्या सफाई कामगार बाईकडे मान वळवून पाहिलं असेल, हेही विचारायला हवं.

‘जेजुरी’ मराठीतही आहे; ती कोलटकरांच्या मृत्यूनंतर प्रास प्रकाशनानं काढली. ‘अरुण कोलटकरच्या कविता’, ‘चिरीमिरी’ आणि 2005 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ‘भिजकी वही’ ही पुस्तकंही प्रासचीच. ग्रंथालय चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ही पुस्तकं मूळ आकारात ठेवा. फोटोकॉपी किंवा मोबाइलवरच्या पीडीएफवर काम भागवू नका, कारण तिथे ओळी सरळ होतात, समास कापले जातात आणि त्या कोंबड्या खाली बसतात.

पुढच्या रविवारी आम्ही ‘भिजकी वही’ उघडतोय. ते रडणाऱ्या बायकांचं पुस्तक आहे. त्यात इसिस आहे, कॅसांड्रा आहे, हायपेशिया आहे आणि मदुराई जाळणारी कण्णगी आहे. कण्णगी कोण, हे मावशींनी आधीच विचारून घेतलंय.