कंसावांचून समीकरण : बीजगणिताच्या पोथ्या पारखण्याची एक रीत

ठाणें जिल्ह्यांतील चामटोली गांवाहून अंबरनाथचें शिवालय फार दूर नाहीं. या देवालयांतील शिलालेखाचा शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं प्रथम ७८२ असा वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असल्याचें दाखविलें. एका अंकाच्या वाचनानें देवालय दोनशें वर्षें अलीकडे आलें! शिळेवरील अंक निदान ठसठशीत तरी असतो. कागदावरील टिंबाची अवस्था याहून बिकट आहे, आणि गणिताच्या पोथ्यांत तर सारा अर्थच त्या टिंबावर लटकलेला असतो. ज्यांच्या दप्तरांत अशा पोथ्या आहेत त्यांच्या उपयोगाकरितां हा विषय येथें थोडक्यांत मांडीत आहों.

ज्यांनीं पाटणचा लेख उजेडांत आणिला तेही भाऊ दाजीच. चाळीसगांवाजवळील या शके ११२८ च्या लेखांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिल्याचें नमूद आहे. त्या मठांत जें बीजगणित शिकविलें जाई त्यांत आजच्या अर्थानें कंस नव्हता. अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’ म्हणत व लिहितांना ‘या’ एवढेंच लिहीत. ज्ञात संख्येस ‘रू’, म्हणजे रूप. ऋण राशीच्या डोक्यावर एक टिंब देत. दोन्ही पक्ष एकाखालीं एक मांडीत; मध्यें बरोबरीचें चिन्ह नसे. (छापखान्याच्या सोयीसाठीं आम्ही तें टिंब अंकाच्या डावीकडे दिलें आहे.)

भास्कराचार्यांचें घोड्यांचें उदाहरण प्रसिद्धच आहे. एकाजवळ तीनशें रूपें व सहा घोडे आहेत; दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, परंतु शंभर रूपांचें ऋण आहे. दोघेही सारखेच धनवान्, तर एका घोड्याचें मोल काय?

या ६ रू ३००
या १० रू •१००

खालच्या ‘या’ मधून वरचा ‘या’ वजा केला म्हणजे ४ उरतात. वरच्या रूपांतून खालचीं रूपें वजा करावयाचीं, पण तीं ऋण आहेत. ऋण वजा होतांना धन होतें, म्हणून ३०० त १०० मिळून ४०० होतात. चारांनीं भागितां मोल १००. यासच समशोधन म्हणत. आजचा विद्यार्थी येथें ३०० − (−१००) असा कंस घालतो व कंस सोडवितांना चिन्ह पालटतो. जुना गणिती तेंच काम टिंब पुसून करी.

खरी मौज पुढील दोन पोटप्रश्नांत आहे. पहिल्याच्या धनाचें अर्ध अधिक दोन हें दुसऱ्याच्या धनाइतकें असेल तर? किंवा पहिला दुसऱ्याच्या तिप्पट धनवान् असेल तर? तिपटीच्या प्रश्नांत आपण ३(१०य − १००) असें लिहूं. पोथींत कंस नाहीं. संबंध पक्षच तिप्पट करावयाचा, म्हणजे पक्षांतील प्रत्येक राशि तिनानें गुणावयाची:

या ६ रू ३००
या ३० रू •३००

येथें २४ नीं ६०० ला भागून मोल २५ येतें. पडताळा पाहावा : पहिल्याचें धन ४५०, दुसऱ्याचें १५०. अर्ध्याच्या प्रश्नांत पहिला पक्ष या ३ रू १५२ होतो, व मोल ३६.

आतां लेखनिकाच्या हातून टिंब निसटलें असें समजा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर ५० होतें. अर्ध्याच्या प्रश्नांत ७ पूर्णांक ३/७ असा विचित्र अपूर्णांक येतो. तिपटीच्या प्रश्नांत दोन्हीकडे रू ३०० राहून घोडा फुकटचा ठरतो! दुसऱ्या जातीचा दोष गणकाचा : ‘या’ तेवढा तिप्पट केला व ऋण शंभर तसेंच ठेविलें. मग २४ नीं ४०० ला भागून १६ पूर्णांक २/३ येतात. कंस उघडतांना आजचीं मुलें हीच चूक करितात. म्हणजे उत्तराच्या आंकड्यावरूनच दोषाचें मूळ ओळखतां येतें.

संग्राहकास याचा उपयोग मोठा आहे. मांडणींत टिंब नाहीं पण उत्तर २५ च आहे, तर दोष निव्वळ नकलेचा. उत्तरही दोषाशीं जुळतें केलेलें दिसलें, तर मध्यें कोणा शोधकानें बिघडलेल्या पाठावर हिशेब करून तो ‘सुधारला’ असें समजावें. ही दुसरी पोथी आम्ही अधिक घातक मानतों, कारण तिच्यावरून उतरलेल्या प्रती वरकरणीं निर्दोष दिसतात. अशा वेळीं मूळ श्लोकावर भिस्त ठेवावी. श्लोकांत ऋण शब्दानें सांगितलेलें असतें व वृत्त त्याचें रक्षण करितें. आंकड्यांच्या मांडणीस असा पहारेकरी नाहीं. टीकाही ताडून पाहावी. सूर्यदासाची आहेच, कृष्ण दैवज्ञाची तर १९३० सालीं पुण्याच्या आनंदाश्रमानें छापली असल्यामुळें सहज मिळण्यासारखी आहे.

चिन्हें सर्वत्र एकच होतीं असेंही समजूं नये. १८८१ त पेशावरकडे बक्षाली येथें भूर्जपत्रांची जी पोथी सांपडली तींत ऋण राशीपुढें आजच्या अधिकासारखी फुली आहे. अजाण वाचक तेथें ऋणाचें धन करील. गोल कंस युरोपांतही फार जुना नव्हे. तार्तालिया यानें १५५६ त तो वापरला, १६२९ त गिरार यानेंही. देकार्त मात्र १६३७ त पदांवर आडवी रेघ ओढी. म्हणून देशी बीजगणिताच्या हस्तलिखितांत गोल कंस आढळला तर ती प्रत, निदान तो भाग, छापील इंग्रजी गणिताच्या संसर्गानंतरचा असा संशय घेणें आम्हांस रास्त वाटतें.

राहतां राहिली गोष्ट किड्यांची. कसरीचें बारीक भोंक व शाईचें टिंब छायाचित्रांत एकसारखींच दिसतात. पान उजेडासमोर धरावें : भोंकांतून उजेड येतो, टिंबांतून येत नाहीं. आणि भोंक नेमकें अंकाच्या डोक्यावर असेल, तर तेथें पूर्वीं टिंब होतें कीं नव्हतें याचा निकाल समीकरण सोडवूनच लावावा.