विश्लेषण : ‘भरती’ने घडवलेली तरुणाई

राज्यातील तरुणांची भाषा, दिनक्रम, आदर्श आणि लग्नाचे वयसुद्धा सरकारी नोकरीच्या जाहिरातीभोवती फिरू लागले आहे. हे कशामुळे घडले?

२०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क होते खुल्या वर्गासाठी १,००० रुपये, राखीव वर्गासाठी ९००. पुढच्या वर्षी पोलीस दलातील सुमारे साडेसतरा हजार पदांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज आले, म्हणजे एका जागेमागे साधारण शंभर. या आकड्यांकडे बेरोजगारीचा पुरावा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण लाखो मुले-मुली वर्षानुवर्षे एकाच गोष्टीची तयारी करू लागली की तिथे जगण्याची एक वेगळी रीतही तयार होते.

ही रीत दिसते कशी?

पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठेत फिरले की ती लगेच ओळखू येते. ‘कॉट बेसिस’वरची खोली, मेसचा डबा, महिन्याचे पैसे भरून मिळालेली अभ्यासिकेतली टेबल-खुर्ची आणि चहाच्या टपरीवर ‘कट-ऑफ’ची चर्चा. वय इथे वर्षांत कमी आणि ‘अटेम्प्ट’मध्ये जास्त मोजले जाते. एखाद्याची ‘पोस्ट निघाली’ की गावात फ्लेक्स लागतो, गुलाल उधळला जातो.

पोलीस भरतीचे जग पहाटेचे. तालुक्याच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर मुले १,६०० मीटर आणि मुली ८०० मीटर धावण्याचा सराव करतात, कारण शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० त्यावर आहेत. मुलींसाठी या धावण्याला आणखी एक अर्थ आहे. ‘परीक्षा देतेय’ हे लग्न पुढे ढकलण्याचे अनेक घरांत खपणारे जवळपास एकच कारण.

आदर्शही याच जगातले. विश्वास नांगरे पाटील यांचे ‘मन में है विश्वास’ हे पुस्तक अभ्यासिकांमध्ये पोहोचले. २०२३ मध्ये आलेला ‘ट्वेल्थ फेल’ हा चित्रपटही महाराष्ट्र केडरचे आयपीएस अधिकारी मनोजकुमार शर्मा यांच्यावरचा.

मूळ शेतीत का?

कृषी गणनेनुसार १९७०-७१ मध्ये राज्यात सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. दोन भावांत वाटणी झाली की उरते ते संसार चालवायला पुरत नाही. खासगी नोकरी बहुतेकदा कंत्राटी, आणि तिचा पगार शहरातल्या खोलीभाड्यातच जातो. त्यात लग्नाच्या बाजारात शेतकरी मुलाला भाव नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. बातम्यांत त्याची गंमत झाली, मागणी मात्र गमतीची नव्हती.

तारुण्य लांबले का?

लांबले, आणि त्यात सरकारचाही हात आहे. २०१६ मध्ये शासकीय सेवेची कमाल वयोमर्यादा खुल्या वर्गासाठी ३३ वरून ३८ झाली, मागासवर्गीयांसाठी ४३. जाहिराती वेळेवर निघत नसताना हा दिलासाच होता, पण त्यामुळे थांबण्याची मुदतही वाढली. म्हणून तारीख बदलणे इथे साधी गैरसोय ठरत नाही. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात शास्त्री रस्त्यावर विद्यार्थी बसले. आठवडाभरानंतरची, २१ मार्चची तारीख सरकारला लगेच जाहीर करावी लागली.

बहुतेकांची पोस्ट निघत नाही. काही जण गावी परततात. काही जण क्लासमध्ये शिकवू लागतात, अभ्यासिका चालवतात किंवा भरतीची अकादमी काढतात. तिथे पुढच्या वर्षीची मुले प्रवेश घेतात.